सात नंबरचा दिवा

६ जानेवारी १९८०, रविवार

काल मागच्या बिल्डिंगमध्ये आग लागली. आग कसली, तळमजल्यावर एकाच्या घरात गाद्या पेटल्या, आणि त्या धुराने सर्वांत वरच्या मजल्यावरची म्हातारी गेली. आग तिच्यापर्यंत पोचलीच नाही, बिचारी पडल्या जागी गुदमरली. खाली शंभर माणसं जमली होती, स्टेशनपासून लोक बघायला आले होते. वर जाऊन एक दार वाजवावं एवढं त्यांतल्या एकालाही सुचलं नाही. एक जण शेंगा सोलून खात उभा होता.

परत आलो तो जिन्यातच बसलो. आमच्याही बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, अकरा नंबरात, माझी आई खाटेवर पडून आहे. अर्धांगाने उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालंय. मी कंपनीत मेंटेनन्सला वायरमन, बायको विमल औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, दोघांची फर्स्ट शिफ्ट. सकाळी साडेसहापासून दुपारी चारपर्यंत आई एकटी. आमच्या बरोबर खाली, सात नंबरात ओव्हाळांची भिमाबाई राहते. ती दुपारी एकदा वर येते, आईची कूस बदलते, पाणी पाजते. आमच्या गावी बार्शीकडे आईने बौद्धवाड्यातल्या कुणाच्या हातचं पाणी घेतलं नसतं. आता तिला काही कळत नाही म्हणून चालतं.

उद्या इथे धूर झाला तर आईला कोण उचलणार? हे शेंगा खाणारे?

१० जानेवारी

प्रेस शॉपमध्ये काम करता करता डोक्यात आलं. प्रेसवर लाइटचा डोळा असतो. एका बाजूला बल्ब, समोर डोळा. मध्ये कामगाराचा हात आला की उजेड तुटतो आणि मशीन थांबतं. हाताच्या जागी धूर आला तर? डालड्याचे चार डबे जोडून नळी करायची, एका टोकाला बल्ब, दुसऱ्याला डोळा, नळीला भोकं. धूर शिरला की उजेड कमी, की घंटा.

पण एकाच घरात घंटा वाजून काय उपयोग? त्या घरातल्यांना धूर दिसतोच. सगळ्या घरांच्या वायरी एकात एक गुंफायच्या. कुठल्याही एका घरात धूर, की बाराच्या बारा घरांत घंटा. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, असलं फॅक्टरीत असतं, चाळीत नाही. मी म्हटलं आमची चाळ नाही, सोसायटी आहे. गाढव लेकाचा.

१३ जानेवारी, रविवार

जुन्या बाजारातून डोळे आणले, आणि संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. मीटिंग म्हणजे अर्जुनरावांच्या दारातली सतरंजी. अर्जुनराव आमचे चेअरमन, तीन नंबरात राहतात, कंपनीच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क. माणूस बोलायला गोड, पण सहीशिवाय सुतळीसुद्धा देत नाही.

मी सगळं समजावून सांगितलं. नको म्हणण्याची कारणं ऐकून अंगाचा तिळपापड झाला. आठ नंबरातली शालनबाई म्हणाली, धूर दुसऱ्याच्या घरात आणि घंटा आमच्या घरात कशाला? पोर झोपलेलं असतं. दुसरा म्हणाला, वाजली तरी कुणाकडे जायचं ते कळणार कसं, उगाच बारा घरं हिंडायची का? मागच्या बिल्डिंगमधल्या म्हातारीला जाऊन आठच दिवस झालेत, आणि ही माणसं स्वतःच्या झोपेचं बोलत होती. शी!

मग अर्जुनरावांनीच तोड काढली. खाली जिन्यात एक फळी लावा, तिच्यावर बारा छोटे लाल दिवे, प्रत्येकाच्या घराचा नंबर. ज्याच्या घरात धूर त्याचा दिवा लागेल. हे ऐकल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे खुलले. दोन मिनिटांत ठराव पास. कंपनीतही असाच बोर्ड आहे, त्यामुळे मलाही पटलं. माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही?

बोर्डावर घंटा बंद करायचं बटण. त्याला पेटी आणि कुलूप, किल्ली माझ्याकडे. मी नसेन तेव्हा दुसरी किल्ली अर्जुनरावांकडे. नियम मी स्वतः लिहून चिकटवला आणि घरोघर जाऊन सांगितला: आधी त्या घरात जाऊन बघायचं, मगच बटण दाबायचं. घंटा थांबली म्हणजे माणूस दारात पोचला असं समजा. भिमाबाईने तो दोनदा विचारून घेतला. बाकीचे हो हो म्हणत भाजी निवडत होते.

२७ जानेवारी, रविवार

दोन आठवडे वायरी ओढल्या. मदतीला आला तो एकटा साहेबराव, भिमाबाईचा नवरा. फाउंड्रीत काम करून आलेला माणूस, पण शिडीवरून उतरला नाही. बाकीचे खालून सूचना देत होते. विमलने त्याला चहा दिला, स्टीलच्या पेल्यातून. आमचे कप ती जपून वापरते.

आज टेस्ट. माझ्याच स्वयंपाकघरात ओल्या गोणपाटाचा धूर केला. पंधरा सेकंदांत बारा घरांत घंटा. अशी वाजली की छाती भरून आली. सगळे खाली पळाले, बोर्डावर अकरा नंबर लाल. लोक मान वर करून बघत होते, एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

भिमाबाई मात्र उलटी वर पळाली. मी जिन्यात आलो तर ही आईला पाठीवर घेऊन पायऱ्या उतरतेय. मी ओरडलो, अहो टेस्ट आहे, सगळ्यांना सांगितलं होतं. ती धापा टाकत म्हणाली, "टेस्ट हाय तर ह्येबी करून बगाया नगं? आईला कोन आननार खाली?" तिच्या दोन बांगड्या फुटल्या, त्यातली एक काच आईच्या हाताला लागली. आई हसत होती. विमलने नंतर आईला पुसून घेतलं.

५ फेब्रुवारी

आठ दिवसांत चार वेळा घंटा. चारही वेळा सात नंबर.

शालनबाई जिन्यात उभी राहून नाकाला पदर लावून सांगत होती, सुकट भाजली असणार. पोरं आता खेळतात, सात नंबर पेटला म्हणत पळत सुटतात. आज अर्जुनराव म्हणाले, दौलतराव, तुम्ही यंत्र छान केलं, आता कुणाच्या घरी काय शिजतं ते बारा घरांना कळतं. सगळे हसले. मीही हसलो. विनोद बरा होता.

मी नियमाप्रमाणे दर वेळी वर जाऊन बघतो. भिमाबाईच्या घरात काही नसतं. भाकरी, कालवण. ती दार उघडते आणि तोंडाला पदर लावून उभी राहते. चोरी पकडल्यासारखी.

१२ फेब्रुवारी

आज सकाळी सहाला परत सात नंबर. कामावर निघायच्या गडबडीत डोकंच फिरलं. वर जाऊन तिला विचारलं, रोज काय जाळता एवढं?

ती म्हणाली, "आमचा न्हाई वो धूर. खालच्या बंबाचा हाय. गॅलरीत येऊन बगा की."

मी बघितलं. खरंच. अर्जुनरावांचा आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब त्यांच्या मागच्या गॅलरीत असतो. त्याचं धुराडं तुटकं, बरोबर हिच्या खिडकीखाली संपतं. ढलप्या पेटवल्या की सगळा धूर हिच्या स्वयंपाकघरात. सहा फुटांचा पाइप वाढवला की काम संपलं. मी तिला म्हटलं, सांगतो चेअरमनना. ती म्हणाली, सुकट तर आम्ही महिन्यापासून आणलीच नाही.

सांगायलाच पाहिजे. बारा घरं एका बाईला नावं ठेवतात आणि धूर चेअरमनचा. असल्या गोष्टींची मला किळस आहे.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी अर्जुनरावांकडे गेलो होतो. बंबाचं काढणार तेवढ्यात त्यांनीच विषय काढला. तळमजल्यावरचे चार नंबरवाले गावी परत चाललेत. अकरा देऊन चार घ्यायचा असेल तर अर्ज करा, माझी शिफारस राहील, म्हातारीसाठी तळमजला बराच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई तळमजल्यावर आली तर दाराबाहेर खुर्ची टाकून उन्हात बसवता येईल. धूर झाला तर चार पावलांत बाहेर.

आत त्यांची बायको बंबात ढलप्या घालत होती. घर धुराने भरलं होतं. मी बोललो नाही. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललेलं बरं. एकट्याने सांगितलं की माणूस दुखावतो.

२१ फेब्रुवारी

सात नंबर. सात नंबर. सात नंबर. मला आता वीट आला. तळमजल्यावरून वर जायचं, काही नाही, परत खाली, मग बटण. तोपर्यंत बारा घरांत ठणाणा. शालनबाई मला बघून म्हणाली, सात नंबरची वायरच कापून टाका की. मी म्हटलं बाई, हे एकात एक गुंफलेलं आहे, एक घर तोडून चालत नाही. असं ठणकावून सांगितलं.

कालपासून मी आधी बटण दाबतो. धूर कसला ते मला ठाऊक आहे, मग बघायचं काय?

भिमाबाईने खिडक्या घट्ट लावून घेतल्यात. दिवसभर दाराला आतून कडी. विमलला शेजारणीने सांगितलं, आता दुपारी वर येते तेव्हा कुणाशी बोलत नाही, आईपाशी बसते आणि जाते. आईशी मात्र बोलते म्हणे. आई काय बोलणार?

२८ फेब्रुवारी

अर्ज दिला. अर्जुनराव म्हणाले मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्र मिळेल. मीटिंग झाली, पण बंबाचा विषय निघाला नाही. म्हणजे मी काढला नाही. पत्र हातात पडू दे, मग पाइप मी स्वतः लावून देईन, माझ्या हाताने.

३ मार्च, सोमवार

काल धुळवड होती. जसं झालं तसं लिहितो.

पोरं सकाळपासून राखेने माखलेली, घरोघर आंघोळी, अर्जुनरावांचा बंब आठपासून धडधडत होता. साहेबराव दोन्ही पोरांना घेऊन तळवड्याला भावाकडे गेला होता. भिमाबाई घरी एकटी. बाराच्या सुमाराला मी खाली अर्जुनरावांच्या दारात उभा होतो, चार नंबरच्या पत्राचं बोलत होतो. घंटा वाजली. पेटी दोन हातांवर. मी दिवा बघितला, सात. अर्जुनराव म्हणाले, सणाचं मटण दिसतंय. मी कुलूप काढलं, बटण दाबलं आणि परत बोलायला लागलो. अंगणात दहाबारा माणसं होती. एकानेही मान वर केली नाही.

पाचेक मिनिटांनी वरून ठणठण ऐकू आली. आई डाव्या हाताने पेला खाटेच्या लोखंडावर आपटत होती. मला राग आला, कारण पत्रावर तारीख टाकायची राहिली होती. पहिल्या मजल्यापर्यंत चढलो आणि सात नंबरच्या दाराखालून धूर येताना दिसला. काळा, रॉकेलचा. बंबाचा धूर असा नसतो.

दार आतून बंद. मी आणि खालून आलेल्या दोघांनी खांद्याने तोडलं. ती दारामागेच पडली होती. स्टोव्ह भडकून पदर पेटला होता. तिच्यावर गोधडी टाकली. मोरीत बादली काठोकाठ भरलेली होती, चार पावलांवर. ती अंगावर ओतून घ्यायचं सोडून ही दाराशी. ही माणसं घाबरली की काही सुचत नाही त्यांना.

जिन्यातून तिला खाली नेताना बायका दारं लावून घेत होत्या. वासाचं कारण सांगून. थू तुमच्या जिनगानीवर.

पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलंय. साहेबराव तिथेच आहे.

५ मार्च

भिमाबाई आज पहाटे गेली. पोलिसांना तिने सांगितलं की स्टोव्ह भडकला, कुणाची काही चूक नाही. शुद्धीवर होती म्हणे शेवटपर्यंत.

आई पाणी घेत नाही. विमलच्या हातचं नाही, माझ्या हातचं नाही. तोंड फिरवते. भिमा एवढंच म्हणते, आणि खाली बोट दाखवते. मी सांगितलं, भिमा गावी गेलीय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेला ठेवून बाहेर आलो. तिला कळतं. सगळं कळतं, आणि मी तिच्यासमोर दोन महिने काय काय बोललो.

७ मार्च

पोलीस परत येऊन गेले. बोर्डाचं काय, असं त्यांनी विचारलं. संध्याकाळी अर्जुनरावांनी मला बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक चार नंबरचं पत्र, सहीशिक्क्यासकट. दुसऱ्यावर लिहिलेलं: घंटेचं यंत्र जुन्या बाजारातल्या मालाचं असून महिनाभर बिघडलेलं होतं, घटनेच्या वेळी ते वाजलं नाही. खाली दहा घरांच्या सह्या. शालनबाईचा अंगठा.

मी म्हटलं, यंत्र चांगलं होतं. वाजलं. तुम्ही ऐकलंत.

"दौलतराव, तुमच्याच भल्याचं सांगतो," अर्जुनराव म्हणाले. "वाजलं म्हटलं की बंद कोणी केलं ते विचारतील."

दोन्ही कागद घेऊन वर आलो. उद्या सही करून देतो म्हणालो. दहा जणांना लाज कशी वाटली नाही, याचा विचार करत तासभर बसलो, आणि मग ध्यानात आलं की पेन माझ्या हातात आहे. दुसऱ्यांची किळस करत मी इथवर आलो. घंटा ऐकूनही जे नुसते उभे राहिले त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की किल्ली माझ्याकडे होती. बंबाचं मला ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी चार नंबरात घातला.

९ मार्च, रविवार

सही केली नाही. त्या कागदाच्या मागच्या बाजूला खरं काय ते लिहिलं. घंटा वाजली. दिवा सातचा लागला. मी घर न बघता बटण दाबलं. धूर आधीच्या दिवसांत चेअरमनच्या बंबाचा असे, ते मला बारा फेब्रुवारीपासून माहीत होतं. खाली नाव आणि तारीख. विमल रडली. म्हणाली, नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, आईचं काय. मी म्हटलं, आई आधीच पाणी घेत नाही.

चौकीवर जायच्या आधी सात नंबरात गेलो. दार अजून मोडलेलंच आहे, साहेबरावने चादर लावलीय. तो पोरांना भात भरवत होता. मी दारातूनच सांगितलं, "साहेबराव, घंटा वाजली होती. मी बंद केली. वर येऊन बघितलं नाही."

वाटलं अंगावर येईल. यायला पाहिजे होतं. त्याने पोरांचे हात धुतले, त्यांना आतल्या खोलीत पाठवलं आणि म्हणाला, "ठाव हाय. तिनं सांगितलं मला दवाखान्यात."

काय सांगितलं, मी विचारलं.

"पदर पेटला तवा ती मोरीकडं निघाली व्हती. बादली भरलेलीच व्हती. तेवढ्यात घंटा थांबली. तिला वाटलं, दौलतभाऊ दारात आलं. म्हनून मागं फिरली, तुमाला कडी काढाया."

मी तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घातली आणि सदरा घालायला आत गेला. मग आम्ही दोघे चौकीवर चालत गेलो.